अण्णांचं इंजिन मी गप्प केलं त्याची गोष्ट

माझ्या वडिलांना मी बहिरं केलं, आणि तेही शिलाई मशीनच्या तेलाने.

अण्णा उभी हयात इगतपुरीला इंजिन ड्रायव्हर. कसारा घाट चढताना दमणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारं इंजिन त्यांच्या ताब्यात असे. आता वय चौऱ्याऐंशी, मुक्काम आमच्या नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये आणि ताब्यात एकच इंजिन: वीतभर, पत्र्याचं, विजेवर चालणारं. देवळाली कॅम्पातल्या एका साहेबांनी बदलीच्या वेळी विकायला काढलेलं, तेव्हाच जुनं होतं! रोज दुपारी चारला ते हॉलमध्ये रुळांवर गोल फिरायचं. फिरायचं म्हणजे, कढईत खिळे परतावेत तसा आवाज करत फिरायचं.

एक दिवस खालच्या भामरेकाकू वर आल्या.

"प्रकाशभाऊ, तुमच्याकडे रोज चारला फरशी फोडतात का हो?"

"इंजिन आहे काकू. अण्णांचं."

"मग त्याला जरा हळू बोलायला सांगा! माझ्या भिंतीवरचा गणपती तिरका झालाय."

मला यंत्रांची उपजत जाण आहे. (हे माझं मत. माझ्या बायकोचं, मीनलचं, वेगळं आहे.) सकाळी अण्णा फिरायला गेल्यावर मी इंजिन उघडलं. आतलं ग्रीस वाळून डिंक झालेलं. ते खरवडलं, दातेरी चाकं पेट्रोलने धुतली, एक चाक सैल होतं त्याला पातळ वॉशर घातला आणि मीनलच्या शिलाई मशीनचं तेल थेंब थेंब सोडलं. चालवून पाहिलं, तर मांजर चालावं तसं! अण्णांना बोललो नाही. म्हटलं, आश्चर्याचा धक्का देऊ.

तो बसलाच.

चारला अण्णांनी बटण दाबलं. इंजिन निघालं. अण्णांनी कानातलं मशीन काढलं, झटकलं, परत घातलं. बॅटरी बदलली. मग मशीन काढून खिशात टाकलं आणि शांतपणे म्हणाले, "पक्या, गेले रे माझे कान."

"नाही हो अण्णा!" मी ओरडलो. "मी तेल घातलं, तेल!"

"तेल? आता कानात तेल घालून काय होणार!"

"अहो, लिहून दाखवा ना त्यांना," मीनल म्हणाली. पण अण्णांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांपुढे गुन्हा कबूल करायची माझी हिंमत होईना. म्हणून मी काय करावं? त्यांना घेऊन थेट नाशकात, द्वारका चौकातल्या कानाच्या डॉक्टरकडे! (उपजत जाण.)

डॉक्टरांनी मशीन कानात घालायला लावलं, सगळं तपासलं. "आजोबा, कान मागच्या वर्षी होते तसेच आहेत. माझं ऐकू येतंय ना?"

"तुमचं येतंय. इंजिनाचं येत नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. मग तिथेच, ओळीत बसलेल्या चार पेशंटांच्या साक्षीने, मी तेलापासून वॉशरपर्यंत सगळं ओकलो.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. परतीच्या रिक्षात मग म्हणाले, "माझं घाटातलं इंजिन अस्संच खडखडायचं. चारला मी परत यायचो. तुझी आई क्वार्टरमधून आवाज ओळखायची आणि चहा टाकायची. घरात पाय ठेवला की कप तयार. तिला जाऊन अकरा वर्षं झाली. पण चार वाजले ना, की वाटतं..."



घरी येताच मी वॉशर काढला, तेल धुऊन टाकलं. इंजिन किंचाळायला लागलं. "हा मिक्सर आहे," अण्णा म्हणाले. सगळे स्क्रू ढिले केले. "ही बैलगाडी." तो जुना आवाज काही केल्या परत येईना. शेवटी स्क्रू आवळले, वॉशर आणि तेल पुन्हा घातलं.

त्यामुळे हल्ली इंजिन निमूट फिरतं आणि मी, वय सत्तावन्न, दोन मुलांचा बाप, रुळांशेजारी मांडी घालून तोंडाने आवाज काढतो. "खडाखड खट्! खडाखड खट्!" अण्णा डोळे मिटून ऐकतात. काल त्यांच्या ओठांवर बारीकसं हसू आलं. मला वाटलं, जमलं! हळूच विचारलं, "पोचलात का अण्णा घरी?"

"कसला पोचतोय! तुझ्यासारखं इंजिन लावलं तर गाडी कसाऱ्यातच मुक्काम करेल."