शिंपीणमावशींचा डावा गाल

जबड्याच्या जुन्या दुखण्यात शिंपीणमावशींचा डावा गाल पार आत गेला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं, की तो भरून घ्यायचाच.

डॉक्टर म्हणाले, "तुमच्याच पोटावरची चरबी काढून गालात भरू. पण त्यातली बरीचशी जिरून जाते. पुन्हा यावं लागेल."

"येईन," मावशी म्हणाल्या.

घरी थोरल्या जाऊबाईंनी नाक मुरडलं. "या वयात कसली गं ही थेरं?"

"माझ्या पोटाचं माझ्याच गालाला लावतेय. कुणाकडून उसनं नाही आणलं!"

पहिल्या खेपेला गाल टम्म सुजला, पोट काळंनिळं झालं, आठवडाभर मशीनवर वाकता येईना. एवढं सोसूनही चार महिन्यांत गाल पुन्हा बसला. नवरा काकुळतीला आला, "आता पुरे कर." मावशींनी दुसऱ्याच दिवशी पुढची तारीख घेतली.

या खेपेला मात्र गाल टिकला. उजव्याइतका गुबगुबीत नाही, पण खड्डा गेला. जाऊबाई बराच वेळ निरखत राहिल्या. मग स्वतःच्या सुरकुत्यांवरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, "फार दुखतं का गं?"

"दुखतं तर! पण ठरलं तर सांगा, मी सोबत येते."