दाजी आणि नियमाने चालणारी क्रियापदं

गावात पहिला आयएसडी बूथ निघाला त्याच्या दुसऱ्या वर्षी, दिवाळीनंतरच्या एका सोमवारी संध्याकाळी, धारूरच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या माझ्या दाजींनी स्पेनमधल्या एका दवाखान्यात फोन लावला आणि आपला मुलगा श्वास घेतो का, असं स्पॅनिश भाषेत विचारलं. मी तिथे हजर होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. बालाघाटाच्या या कडेला त्यांच्याइतका काळजी करणारा माणूस झालेला नाही. मी तेव्हा बीडच्या एका दैनिकाचा वार्ताहर होतो आणि खात्री केल्याशिवाय काही लिहीत नसे. हे विधान मी खात्री करूनच करतो आहे.

दाजी घागर विकायचे तेव्हा आधी बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करून कान लावायचे. विकल्यानंतरही त्यांना चैन पडायचं नाही. चार दिवसांनी ते गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून "पाझरत तर न्हाई ना?" असं विचारायचे. गढीजवळच्या एका गृहस्थाने शेवटी त्यांना सांगितलं, "शेठ, घागर बरी हाय. तुमचंच डोकं पाझरायलंय. या, च्या घ्या." एसटीत बसले की ते ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचे आणि धारूरचा घाट उतरेपर्यंत त्याला झोप लागू नये म्हणून बोलत राहायचे. मुलंबाळं किती, रात्री जेवण काय झालं, डोळे कधी तपासले. एकदा एका ड्रायव्हरने मधल्या वळणावर गाडी बाजूला घेतली आणि हात जोडले. म्हणाला, "शेठ, आता तुमी गप बसा. इतके दिस घाट उतरतोय, आज मला पहिल्यांदा भ्या वाटायलंय."

अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, महेश, मालवाहू जहाजावर फिटर म्हणून लागला. तेव्हा सगळंच खुलं झालं होतं, म्हणजे वर्तमानपत्रं तसं म्हणत होती, आणि गावोगावची आयटीआय झालेली पोरं कुठे कुठे निघाली होती. दाजींनी त्याला एकच प्रश्न विचारला: जहाज कुठे थांबतं? जास्त करून स्पेनला, असं महेश म्हणाला. तो बोटीवर चढला आणि इकडे दाजींनी मला निरोप धाडला की स्पॅनिशचं पुस्तक पाहिजे. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "उद्या पोरगं तिथं आजारी पडलं तर इच्चारायचं कुणाला? आन कसं?"

औरंगाबादेत जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मला इंग्रजीतून स्पॅनिश शिकवणारं एक पुस्तक मिळालं. दाजी जुने मॅट्रिक. त्यांनी पुस्तक पाढ्यांसारखं पाठ करायला घेतलं, कारण पाठ करण्याची दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती. पुस्तकात क्रियापदांचे तीन गट होते, 'आर', 'एर' आणि 'ईर' शेवट असलेले. दाजी त्यांना तीन भावक्या म्हणायचे. शेपूट तोडायचं आणि मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा क्रमाने नवी शेपटं लावत जायचं. पातेल्यात पातेलं घालून रचताना त्यांचं चालू असायचं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. बोलतो, बोलतोस, बोलतो, आणि पुढे. लिहिताना त्यात सुरुवातीला 'ह' असतो, पण उच्चारायचा नाही, असं पुस्तकात बजावलं होतं. आमी-तुमी म्हणणाऱ्या आमच्या भागात ही सूचना अनावश्यक होती. दुकानात आलेल्या बाया शिवाचं काही स्तोत्र चालू आहे असं समजून पदर सावरून उभ्या राहायच्या.

दोन गोष्टी मात्र त्यांनी ठरवून टाळल्या. भूतकाळ आणि भविष्यकाळाचे धडे त्यांनी उघडलेच नाहीत. "झालं त्याचं काय करायचं? आन व्हायचंय ते कुणाला म्हाईत?" आणि अनियमित क्रियापदांवर त्यांचा विश्वास नव्हता. जे नियमाने चालत नाही ते ऐन वेळी दगा देणार, असं त्यांचं म्हणणं होतं. मी पुस्तक चाळलं तर 'असणं' हेच क्रियापद अनियमित निघालं. मी म्हणालो, दाजी, हे तरी करा, नाहीतर कसा आहे हेसुद्धा विचारता यायचं नाही. त्यांनी पान मिटलं. "असण्याचाच भरवसा न्हाई, हेच तर म्या म्हणतोय."

दिवाळीनंतर मुंबईच्या एजंटाच्या कचेरीतून फोन आला. महेशच्या पोटाचं तातडीचं ऑपरेशन झालं होतं. जहाज पुढे गेलं होतं आणि तो तिथल्या दवाखान्यात होता. प्रकृती स्थिर. दवाखान्याचा नंबर त्यांनी दिला. दाजींनी मला बोलावून घेतलं. अक्का देवापुढे बसली होती. दाजी म्हणाले, "स्थिर म्हंजे? दगड बी स्थिर असतो."

बूथवाल्याने बराच वेळ नंबर फिरवला. लाईन लागली तेव्हा दाजींनी टोपी काढून माझ्या हातात दिली. पलीकडे एक बाई होती. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. दाजी म्हणाले, "महेश. इंदिया." ती भराभर काहीतरी बोलली. दाजींना त्यातला एकही शब्द कळला नाही. पाढा मधूनच म्हणता येत नाही, तसं त्यांना क्रियापदही मधून धरता येत नसे, पहिल्यापासूनच यावं लागे. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "रेस्पिरो, रेस्पिरास... रेस्पिरा?"

मी श्वास घेतो, तू श्वास घेतेस, तो श्वास घेतो?

मग ती बाई हळू, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "सी. रेस्पिरा." हो, घेतो.

दाजींनी बूथच्या फळीला हात टेकला. "कोमो, कोमेस, कोमे?"

"नो," ती म्हणाली. "नो कोमे."

खातो का, याचं उत्तर नाही असं होतं. पितो का, याला तिने हो म्हटलं आणि पुढे एक शब्द जोडला. तेवढ्यात लाईन तुटली आणि पुन्हा लागली नाही. तो शब्द पुस्तकात सापडला. थोडंसं, असा त्याचा अर्थ होता.

घरी आल्यावर दाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. थोडंसं पाणी प्यायचे, तेही मोजून घेतल्यासारखं. मी गावातल्या डॉक्टरांना विचारून आलो. पोटाचं ऑपरेशन झालं की काही दिवस खायला देतच नाहीत, असं त्यांनी सांगितलं. दाजींनी ऐकून घेतलं. "हे इथले डॉक्टर. तिकडं काय पद्धत हाय ते ह्यांना कसं म्हाईत असंल?" अक्का ताट वाढून ठेवायची आणि तसंच उचलायची. मला म्हणाली, "बघ की रे, आता ह्यांच्यासाठी म्या कोणती भाषा शिकू?"

रोज संध्याकाळी आम्ही बूथवर जात होतो. एकदा लाईन लागली नाही, एकदा पलीकडे कुणी पुरुष होता, त्याने पाढा सुरू होताच फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, "शेठ, चेहरा लई उतरलाय. काहीतरी खाऊन या, तोवर म्या लावतो." दाजी हलले नाहीत.

पुढे ज्या दिवशी लागली त्या दिवशी तीच बाई होती. तिने आवाज ओळखला असावा, कारण दाजी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, "आ, महेश." दाजींनी बाकी सगळं सोडून थेट तेच विचारलं. "कोमो," ते म्हणाले. मी खातो. "कोमेस..." आणि इथे ते अडकले. तिसरं रूप तोंडातून निघेना. बूथवाल्याने मान खाली घातली.

पलीकडून ती बाई म्हणाली, "कोमे. सी, सी. कोमे."

दाजींनी रिसीव्हर जागेवर ठेवला. टोपी घालायला विसरले. बाहेर आल्यावर बूथवाल्याने नुसतंच त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा म्हणाले, "खातो." घराच्या ओट्यावर पाय ठेवता ठेवता त्यांनी अक्काला विचारलं, "काय केलंय?" पिठलं होतं. दोन भाकरी खाऊन त्यांनी तिसरी मागितली.

महेश महाशिवरात्रीच्या आधी परत आला. पोटावर टाक्यांचे वण होते, अंगावरचे कपडे ढगळ झाले होते. पुन्हा जहाजावर जाणार का, हे त्याने सांगितलं नाही आणि दाजींनी विचारलं नाही. अक्काने ताट वाढलं. दाजी समोर पाटावर बसले आणि मुलगा हात धुवून उठेपर्यंत त्याचा एकेक घास बघत राहिले.