पाताळगंगेचा गट

भागूबाईला हुतुतू कळत नाही, असं तिच्या नवऱ्याचं ठाम मत होतं आणि भागूबाईने ते कधी खोडून काढलं नव्हतं. खोडून काढलं असतं तर हिरामणने तिला खेळ समजावून सांगितला असता आणि तेवढ्यात चुलीवरचा भात लागला असता.

तिचं माहेर खालापूरकडे, पाताळगंगेच्या काठाला. सासर भिवपुरीच्या अलीकडच्या वाडीत, उल्हास नदीच्या अंगाला. हिरामण वीजघरात कामाला होता आणि घरची भाताची जमीन कसत होता. संध्याकाळी हातपाय धुऊन तो पडवीत बसला की रेल्वेत गँगवर असलेला गोमा यायचा, आणखी दोघंचौघं यायचे आणि गुळाच्या चहाबरोबर हुतुतूची बैठक सुरू व्हायची. जर्मनची लढाई संपली होती, पण साखर अजून रेशनवरच होती. ती कधी मिळेल याची चर्चा त्या पडवीत कुणी केल्याचं भागूबाईने ऐकलं नाही. चर्चा एकच, कोणाचा गट भारी.

भात कापून झालं, खळी मोकळी झाली की गावोगावचे संघ खेळायला लागत. उल्हासकाठच्या गावांचा एक गट, ती आपापसांत खेळत आणि त्यांच्यात एक पहिला येई. पाताळगंगेकाठच्या गावांचा दुसरा गट, ती त्यांच्या त्यांच्यात खेळत आणि तिकडेही एक पहिला येई. हे दोन पहिले एकमेकांशी मात्र कधी खेळले नव्हते, कारण दोन्हीकडचा खेळच वेगळा. उल्हासकडे गड्याला हात लागला की गडी मेला. तो बाहेर जाऊन बसायचा आणि आपल्या कुणीतरी समोरचा गडी मारला की उठून परत आत यायचा. पाताळगंगेकडे मेला तरी बाहेर जायचं नाही. पंच समोरच्यांना गुण द्यायचा आणि गडी तिथेच खेळत राहायचा. भागूबाई एक खेळ बघत मोठी झालेली आणि दुसरा बघत म्हातारी होत चाललेली. तिला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, दोन्हीकडे गुडघेच फुटतात आणि धोतरं आम्हीच धुतो. पण तिला विचारत कोण होतं?

भांडण झालं ते दोन शिमग्यांपूर्वी. ती नवऱ्याला घेऊन माहेरी गेली होती. पंगत बसली होती, तिचा धाकटा भाऊ पोशा तुपाचं भांडं घेऊन वाढत होता आणि हिरामणच्या ताटात दुसरी पुरणपोळी पडली होती. गोष्ट गटांवर आली.

पोशा म्हणाला, "दाजी, तुमच्याकडं निम्मा संघ बाहेर बसून विड्या ओढतो. त्याला काय खेळ म्हनायचा? आमचे सगळे गडी शेवटपोत हुबे असतात."

"हुबे असतात, कारण मरत नायत," हिरामण म्हणाला. "ज्याला मराण नाय त्याला भ्या कसलं? तुमच्या गटातला पयला संघ आमच्या गटात घातला ना, तर शेवटचा येईल."

पोशाने तुपाचं भांडं खाली ठेवलं. "ह्ये शब्द मागं घ्या."

"का घेऊ?"

"घेईस्तवर तुमचा उंबरा मला नाय."

हिरामण अर्धी पोळी ताटात टाकून उठला. भागूबाईला सगळ्यात जास्त लागलं ते त्या अर्ध्या पोळीचं. पहाटे उठून, पाट्यावर पुरण वाटून तिच्या आईने ती केली होती आणि ती कुणाचा गट भारी यापायी कुत्र्यापुढे गेली.

त्यानंतर बायकांचं येणं-जाणं चालू राहिलं. भागूबाई एकटी माहेरी जायची, पोशाची बायको येसू एकटी इकडे यायची. दोघे पुरुष मात्र कर्जतच्या बाजारात समोरासमोर आले तरी मिरच्यांचे भाव बघत उभे राहायचे. लोक हसायचे. भागूबाईनेही हसून घेतलं, पण जनाचं लग्न ठरेपर्यंतच.

जना तिची एकुलती लेक. वैशाखातली तिथी धरली, नेरळकडचं घर, माणसं बरी. पण पोरीला मंडपात आणायचं ते मामाने, अंतरपाट धरला की तिच्या पाठीशी उभं राहायचं ते मामाने, आणि भागूबाईला भाऊ एकच. पाठीशी मामा नसलेली नवरी तिने लहानपणी एकदा बघितली होती. मांडवातल्या साऱ्या बायकांनी अक्षता हातात धरून त्या पोरीच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेकडेच बघितलं होतं. तसं जनाकडे कुणी बघितलेलं तिला चालणार नव्हतं.

हिरामण जेवायला बसला तेव्हा तिने विषय काढला.

"शब्दच तर मागं घ्यायचेत."

"कसे घेऊ? खरे हायत ते."

"मग खोटं बोला. जनीच्या सासऱ्याला सांगितलंत ना, पोरीला शिवायला-टिपायला येतं म्हनून? तिला काज तरी करता येतं काय?"

"ती बात येगळी," हिरामण गंभीरपणे म्हणाला. "हुतुतूत मी खोटं बोलत नाय."

"मग मामा कुठून आणू?"

"माझा मावसभाऊ हाय की. त्याला हुबा करू."

"तुमच्याकडचा मानूस माझा भाऊ कसा व्हायचा?"

हिरामणने ताक मागितलं. भागूबाईने ताक वाढलं. ते नेहमीपेक्षा पातळ होतं आणि त्याने ते निमूट प्यायलं, यावरून तिला कळलं की त्यालाही पोशा हवा आहे. नुसता लग्नाला नाही, पडवीतही. गोमाशी वाद घालून त्याला चव येत नव्हती. गोमा उल्हासचाच. हिरामण काही म्हणाला की गोमा मान डोलवायचा आणि मान डोलवणाऱ्याशी माणूस किती वेळ भांडणार?

आठवड्याच्या बाजाराला ती कर्जतला गेली तेव्हा तिने येसूला गाठलं. दोघी सुक्या मासळीवालीच्या पलीकडे सावलीला टेकल्या.

"वन्सं, भाचीचं पिवळं लुगडं कवाचं आनून ठेवलंय त्यांनी," येसू म्हणाली. "रेशनच्या दुकानापुढं रांगेत ताटकळत हुबे राहिले. पन पाय उचलत नायत. म्हनतात, दाजींनी तोंडानं म्हनायला हवं."

"ते म्हनायचे नायत. मी बघितलं बोलून."

"मग लुगडं तेवढं मी घेऊन येऊ?"

"लुगडं काय जनीच्या पाठीशी हुबं राहनार हाय?"

येसू हसली. भागूबाई म्हणाली, "ह्यांचे दोन पयले खेळत का नायत गं एकमेकांशी? जो हरंल तो गप बसंल. एक गप बसला की दुसरा कुनापुढं बोलनार?"

"पन खेळायचं कोनच्या रीतीनं?"

"अर्धा खेळ तुमच्या, अर्धा आमच्या. भाकरीसुद्धा आपन दोन्हीकडनं भाजतो."

मग दोघी आपापल्या घरी गेल्या आणि आपापल्या चुलीपुढे बोलल्या. भागूबाईने रात्रीची भाकरी वाढता वाढता सहज म्हटलं, "बाजारात म्हनत होते, उल्हासवाले पाताळगंगेशी खेळायचं टाळतात म्हनून."

हिरामणचा घास हातातच राहिला. "कोन म्हनत होतं?"

"बायामानसं. कालवन घालू?"

"टाळतात म्हंजे काय?"

"मला काय कळतंय हुतुतूतलं," भागूबाई म्हणाली आणि कालवण घातलं.

येसूनेही तिकडे असंच काहीसं केलं असणार, कारण पुढच्या अमावास्येच्या आत सामना ठरला. चैत्रात, कर्जतहून चौककडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका रिकाम्या शेतात. पहिला डाव उल्हासच्या रीतीने, दुसरा पाताळगंगेच्या.

सामन्याला दोन्हीकडची माणसं आली. पुरुष रेघांच्या कडेला दाटले, बायका आंब्याखाली बसल्या. भागूबाई आणि येसू शेजारी शेजारी. हिरामण एका टोकाला, पोशा दुसऱ्या टोकाला.

पहिला डाव सुरू झाला आणि पाताळगंगेचा सगळ्यात दणकट गडी पहिल्याच झटापटीत मेला. मेला आणि तिथेच उभा राहिला. पंचाने बोट दाखवलं तरी हा मांडीवर थाप मारून पुढच्या गड्याची वाट बघतोय. त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. पुढच्याचं तेच. तिसऱ्याला तर आपण मेलो हे पटेचना. तो पंचाला म्हणाला, "मेलो ते मेलो, पन जाऊ कशापायी?" बाहेर काढलेले गडीही गप बसेनात. परत उठायला कधी मिळतं ते कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून ते मधूनच आत घुसायचे आणि त्यांना पुन्हा बाहेर हाकलावं लागायचं. डाव उल्हासने घेतला. हिरामण इतका ओरडत होता की पलीकडच्या झाडाला बांधलेले बैल उठून उभे राहिले.

"वन्सं," येसू हळूच म्हणाली, "आमचे हरले तर ते घरी तीन दिवस जेवनार नायत."

"जेवतील. भात कर नि मासळी भाज."

दुसरा डाव पाताळगंगेच्या रीतीचा. आता कुणी बाहेर जायचं नव्हतं. उल्हासच्या गड्यांना पंचाने ते दोनदा सांगितलं होतं. पण माणसाला जन्माची सवय. एकाला हात लागला, तो मान खाली घालून निघाला आणि नेहमीसारखा रेघेबाहेर जाऊन बसला. दुसऱ्याला लागला, तो त्याच्या शेजारी. हिरामण इकडून ओरडतोय, "उठा रं, मेला नायत तुमी," पण बसलेल्यांना वाटलं, तो आत खेळणाऱ्यांना धीर देतोय. त्यातल्या एकाने विडी शिलगावली. कप्तानाने मागे वळून बघितलं तेव्हा त्याच्या बाजूला तो आणि एक लुकडा गडी एवढेच उरले होते आणि बाकीचा संघ आंब्याच्या सावलीच्या कडेला निवांत बसला होता.

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. डाव पाताळगंगेने घेतला.

भागूबाईचं हसू मात्र लवकर ओसरलं. ज्याने त्याने आपापला डाव जिंकला होता. हरलं कुणीच नव्हतं, म्हणजे गप्प बसणारं कुणी नव्हतं. वैशाख तोंडावर आला होता आणि सगळा खटाटोप जिथल्या तिथे. ती भाकऱ्यांचं फडकं सोडायला लागली, दुसरं काही सुचेना म्हणून.

तेवढ्यात शेताच्या मधोमध आवाज चढला. बघते तर हिरामण आणि पोशा समोरासमोर. दोन वर्षांत पहिल्यांदा एकमेकांशी बोलत होते.

"ह्यो काय डाव झाला?" हिरामण म्हणत होता. "आमचे गडी बसून राहिले म्हनून जिंकलात."

"बसायला कुनी सांगितलं? नि पयल्या डावात आमचे हुबे राहिले म्हनून तुमी जिंकलात, त्येचं काय?"

"त्यो तुमचा दणकट गडी. त्यो मातूर चांगला हाय, मी नाय म्हनत नाय."

"चांगला? दाजी, तसला गडी तुमच्या अख्ख्या गटात दाखवा."

"गडी हाय रं. संघबी बरा हाय. आमच्या गटात आला तर दुसरा येईल."

पोशा थबकला. "काय म्हनालात?"

"काय म्हनालो?"

"दुसरा म्हनालात. शेवटचा नाय."

हिरामणने इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला पन्नास माणसं उभी होती. "दुसरा म्हनालो. पयला नाय म्हनालो."

"बरं. मग तुमचा संघ आमच्या गटात आला तर तिसरा."

"तिसरा? आमी तुमाला दुसरा देतोय नि तुमी आमाला तिसरा?"

"सगळे बसून खेळनारे तिसरेच येनार. चौथा म्हनलो नाय, ते बघा."

भागूबाईने हातातली भाकरी तशीच धरली. जनाच्या लग्नाची बोलणी आठवून तिला एकदम कळलं. तिथेही असंच झालं होतं. दोन्हीकडची माणसं तोंड फिरवून बसली होती तोवर काही खरं नव्हतं. मग एकाने इतकं कमी केलं, दुसऱ्याने तितकं वाढवलं, आवाज चढले, आणि चढलेले आवाज ऐकून ती आत जाऊन खुशाल सुपारी कातरायला बसली होती. घासाघीस सुरू झाली की जमलं समजायचं.

ती उठली आणि भाकरी-चटणी घेऊन दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. एक भाकरी नवऱ्याच्या हातात दिली, एक भावाच्या.

"पोशा, हळद बुधवारी हाय," ती म्हणाली. "मंगळवारी सांजच्याला यायचं."

"मंगळवारी कसा येऊ, बाय? वैरन आनायचीय," पोशा म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडून पुन्हा हिरामणकडे वळला. "तुमचा कप्तान आधी बदला. मागं वळून बघायला येवढा येळ लागतो त्येला."

"वैरन येसू आनंल. मंगळवारी."

"बरं, बरं, मंगळवारी. दाजी, तिसरा म्हंजे काय वाईट नसतो."

"बस जरा, सांगतो तुला वाईट काय असतं ते," हिरामण म्हणाला आणि दोघे तिथेच ढेकळांवर बसले.

परतताना भिवपुरीच्या वाटेवर हिरामण पुढे चालत होता. मागून भागूबाई डोक्यावर रिकामं टोपलं घेऊन चालली होती आणि मंडपाला कुणाकुणाची भांडी मागायची ते मनात धरत होती. गोमाच्या घरचा मोठा हंडा, शेजारच्या चिमाकडची परात.

"मी खरंच दुसरा म्हनालो काय गं?" हिरामणने विचारलं.

"म्हनालात."

त्याने वाटेतलं एक ढेकूळ पायाने बाजूला सारलं.

"येईलबी," तो म्हणाला. "त्यो दणकट गडी ऱ्हायला तर दुसरा येईल."

भागूबाईने टोपलं दुसऱ्या हाताने सावरलं. परात एक पुरायची नाही, दोन लागतील, येसूलाही आणायला सांगावी, असं ती ठरवत होती.