आपांची कागदी पट्टी

नसीमआपा कुणाच्याही घरी गेल्या की आधी त्या माणसाच्या नडगीवर अंगठा दाबत. अंगठा उचलल्यावर खळगा राहिला नाही, म्हणजे अंगात पाणी साचलेलं नाही, तरच पुढचं बोलणं. औरंगाबादेतल्या एका छोट्या दवाखान्यात त्या तीस वर्षं सिस्टर होत्या. तेवढ्या काळात डॉक्टर, नातेवाईक आणि थर्मामीटर यांपैकी कुणावरही त्यांनी पुरता विश्वास ठेवला नाही. माझ्यावर तर मुळीच नाही, आणि ते बरोबरच होतं!

माझी बायको मंगल डेंग्यूनं तिथं पडली होती. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. फुलंब्रीहून आलेले सासरे लगेच पिशवी भरायला लागले. "ताप गेला म्हंजी झालं की, जावईबापू! चला घरी." मी पेढे आणायला उठलो, तर दारात आपा.

"पेढे कायकू? ताप ओरडत येतो, मियाँ. खरा चोर ताप गेल्यावर येतो, चप्पल काढून."

त्यांनी मला व्हरांड्यातल्या माठाजवळ नेलं. "हा जरा पाझरतो म्हणून पाणी गार. आपल्या अंगातल्या केसाएवढ्या नसा पण अशाच. थोडं पाणी बाहेर जातं, थोडं परत येतं, म्हणून सगळं जागेवर राहतं. या तापात त्यांची भोकं मोठी होतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत झिरपतं. बाहेर थेंब सांडत नाही अन् आत नसा रिकाम्या!"

मी नाटकातल्यासारखी मान डोलावली. मला वाटलं, बाईंना संशयाचा आजार आहे.

दुपारी मंगलचे हातपाय बर्फासारखे पडले. पोट दुखायला लागलं, लघवी थांबली. सासऱ्यांच्या हातातली पिशवी गळून पडली. डॉक्टरांनी मोजून सलाईन सुरू केलं. आपांनी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवली आणि तासातासाला पाणी कुठवर उतरायला हवं, त्याच्या रेघा पेनानं मारल्या. दोन दिवस त्या मंगलपेक्षा पट्टीकडेच जास्त बघत होत्या. मंगल वाचली.

आता आपा खूश होतील असं मला वाटलं. त्या जास्तच संशयी झाल्या. सलाईनचा वेग त्यांनी अगदी कमी केला.

"येवढं थेंब थेंब देऊन ताकद कशी यायची?" सासरे कुजबुजले. आमच्याकडं सलाईन म्हणजे ताकद. बाटली न लावणारा डॉक्टर, डॉक्टरच नाय. मला पटलं. आपा दुसऱ्या खाटेकडे वळल्या आणि मी जादूगाराच्या बोटांनी नळीवरचा, थेंबांचा वेग बदलायचा चक्का फिरवला. थेंबांची धार झाली. सासऱ्यांनी मला डोळा मारला.

तासाभरात मंगलला धाप लागली. आडवं पडवेना, बोलवेना. आपांनी पट्टी पाहिली. पाणी तीन रेघा खाली! त्यांनी चक्का बंद केला, खाटेचं डोकं उचललं, डॉक्टरांना हाक मारली. इंजेक्शन दिलं, लघवी सुटली. संध्याकाळपर्यंत मंगलचा श्वास खाली बसला. माझा नाही.

"चक्का कुणी फिरवला?"

सासरे पंख्याकडे बघू लागले. मी संताचा चेहरा केला, तो टिकला नाही. "मी, आपा. ताकद यावी म्हणून."

"आतलं झिरपलेलं पाणी आपणहून नसांत परत येत होतं. वरून तुम्ही धरण सोडलं. छाती भरली तिची!" त्या अगदी हळू बोलल्या. "हात मागं बांधा. घरी जाईपर्यंत असेच."

दोन दिवस मी वर्गातल्या उनाड पोरासारखा बसलो. मंगल आधी रडली, मग हसली.

गेल्या वर्षी त्याच दवाखान्यात आपा स्वतः खाटेवर होत्या. आम्ही भेटायला गेलो. मंगलनं स्वतःची नडगी पुढं केली. आपांनी अंगठा दाबला. अंगठ्यात जोर नव्हता. वर टांगलेल्या बाटलीकडे त्यांनी संशयानं पाहिलं आणि उशीखालचं पेन माझ्या हातात दिलं. "नव्या पोरी पट्टी लावत नाहीत. रेघा मारा."

मी कागद चिकटवला. तासातासाच्या रेघा सरळ मारल्या. आपांनी एकेक तपासली.

"ठीक," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटता मिटता, "आता हात मागं."

त्या शेवटच्या रेघेपर्यंत राहिल्या नाहीत. त्या गेल्या तेव्हाही माझे हात मागंच होते.