गोमातात्यांचा पहारा

कुत्र्याच्या थाळीतला पहिला घास स्वतः खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. गोमातात्या ॲल्युमिनियमच्या थाळीत भात आणि मांदेलीचं कालवण कालवायचे, एक घास तोंडात टाकायचे, डोळे मिटून जरा थांबायचे आणि मग थाळी बुध्यापुढे सरकवायचे. पुढे काठी घेऊन त्याच्या डोक्याशी उभे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आदी मला काय होतंय का बगतो, बाई. मंग त्याला."

साठचं दशक संपत आलं होतं. रत्नागिरीहून येऊन मी मुर्धा गावच्या शाळेत रुजू झाले आणि तात्यांच्या शेजारची खोली घेतली. तात्या मिठागरावर गोणी तोलायचे. बायको वारलेली, मुलगी उरणला दिलेली. घरात ते आणि बुध्या. बुधवारी सापडला म्हणून बुध्या. तो थाळी हुंगायचा, तात्यांकडे बघायचा आणि मान फिरवायचा. बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

दर रविवारी तात्या त्याला गोणपाटात घालून मिठागराच्या तराजूत तोलायचे. मग पारडी बदलून पुन्हा तोलायचे. "काट्यावर भरवसा न्हाय. रोज मीच तो धरतो, कसा फसवतो ते मला म्हाईत हाय." दोन्ही वेळा वजन उतरलेलंच भरायचं.

एकदा मी बुध्याला बिस्किटाचा तुकडा दिला. संध्याकाळी तात्या दारात हजर. "तुमी काय चारलंत? पुडा दाखवा." त्यांनी पुडा उलटासुलटा करून पाहिला. मला राग आला. खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर संशय होता. हा माणूस लोकांसमोर थाळी मांडतो आणि मागे कुत्र्याला मारत असेल, नाहीतर ते इतकं का बिचकेल? म्हणून मी खिडकीतून पाळत ठेवू लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी विडी पेटवायला तात्या वाऱ्याकडे पाठ करून वळले. तेवढ्यात बुध्याने घाईघाईने दोन घास गिळले. काठी जमिनीवर वाजली आणि त्याने तोंड काढून घेतलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मार नव्हता, विष नव्हतं. कुत्रं पहाऱ्याला भीत होतं.

मी जाऊन सांगितलं. "तात्या, थाळी ठेवा आणि आत जा. तुम्ही बघत असता म्हणून तो खात नाही."

"आनि मी आत गेलो की कोन काय टाकील, ते?" त्यांनी समोरच्या लक्ष्मणच्या घराकडे मान केली. तात्यांचं आधीचं कुत्रं विष खाऊन मेलं होतं. ते लक्ष्मणने घातलं, असं तात्या अख्ख्या गावाला सांगत आले होते. बारा वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं.

"मी बघते ना. तुम्ही पाठ करून बसा."

 तात्या काठी भिंतीला टेकवून उंबऱ्यावर आत तोंड करून बसले. बुध्या थाळीशी आला, थांबला, थाळी हुंगून खायला लागला. चपचप आवाज ऐकून तात्यांचे खांदे हलले. मला वाटलं हसताहेत.

"लक्षुमननं न्हाय घातलं," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "उंदरांसाटी मीच पिठाचा गोला ठेवलेला, मासलीच्या जाल्याच्या मागं. सांजेला बगतो तर गोला न्हाय. सकाली कुत्रा मेलेला. मी लक्षुमनच्या दारात जाऊन बोंबललो. आपल्या हातानं मारला, हे कसं सांगू?"

 बुध्याने थाळी चाटूनपुसून रिकामी केली.

त्यानंतर सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी कोमट भात, मधे कुणी काही द्यायचं नाही, थाळी ठेवायची आणि निघून जायचं, असा नेम झाला. खाल्लं नाही तर थोड्या वेळाने थाळी उचलायची. मिनतवाऱ्या करायच्या नाहीत. दोन महिन्यांत बरगड्या झाकल्या. तरी पारडी बदलणं सुरूच होतं.

एका रविवारी वजन करून परतताना तात्या सरळ लक्ष्मणच्या अंगणात शिरले. बुध्या दोरीने बरोबर, आणि मी दोन पावलं मागे. सगळं त्यांनी उभ्यानेच सांगितलं. लक्ष्मण जाळं विणत होता. हात थांबला. "बारा वर्सं माज्या पोरांना लोकांनी इख घालनाऱ्याची पोरं म्हटली," एवढंच बोलून तो आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

"बरोबर हाय त्याचं," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मिठागरावर जाताना ते त्या दारापुढे थांबून हाक मारायचे, "लक्षुमन, जातो रं." उत्तर यायचं नाही. मला वाटायचं, लक्ष्मण मनात काहीतरी धरून बसलाय, एक दिवस बदला घेणार. बुध्या त्याच्या अंगणात गेला की माझाच जीव वरखाली व्हायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मग एका सकाळी आतून आवाज आला, "जा."

पुढे माझी बदली परत रत्नागिरीच्या शाळेत झाली. वर्षभराने शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड आलं. लक्ष्मणने मुलाकडून लिहवून घेतलेलं. त्यात दोनच ओळी होत्या. "आमचा तात्या गेला. कुत्रा आमच्याकडं हाय, जेवतोय."