ट्रॅक्टरवरची नवरी

जुन्या जालन्यात सिराजोद्दीन चाचांच्या कापडदुकानात पन्नास वर्षांची कॅलेंडरं जपून ठेवलेली. गुलाबी गालांच्या, लांब पापण्यांच्या बाया. कुणाचा पदर ढळतोय, कुणी खिडकीत वाट पाहतेय, कुणी नवरी नजर खाली घालून उभी. चाचांनी चित्रं काढणाऱ्या केदारखेड्याच्या प्रांजलीला बोलावलं.

"बेटी, यंदाचं कॅलेंडर तू काढ. तोच नखरा पाहिजे. गिऱ्हाईक बघतच राहिलं पाहिजे."

प्रांजलीनं आईला, जयवंताबाईला, ट्रॅक्टरवर बसवलं. नवरा गेल्यावर जयवंताबाई स्वतः ट्रॅक्टर शिकलेली; बसायला लाजली नाही. चित्रात प्रांजलीनं तिला तरुण केलं, शालू नेसवला. गाल तेच, पापण्या त्याच, पदर वाऱ्यावर. पण हात स्टेअरिंगवर, नजर थेट समोर. नवरदेव मागं मडगार्डवर, फेटा सावरत.

चाचा पोट धरून हसले. "बिलकुल बराबर! छाप!"

पौष सरला अन् प्रांजलीला बघायला भोकरदनहून पाहुणे आले. मुलगा अंगद, सोबत वडील राधाकिसन. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून राधाकिसन म्हणाले, "लग्नानंतर असल्या बाया काढणं चालणार न्हाई. लोक हसतील."

प्रांजली बोलायच्या आत जयवंताबाईनं चहाचा ट्रे खाली ठेवला.

"पाव्हणं, ती बाई मीच हाय. हसायचं तर माझ्यासमोर हसा."

कुणी हसलं नाही. अंगदनं मात्र हळूच विचारलं, "अन् मागं बसलेला तो कोण?"

"अजून ठरलं न्हाई," प्रांजली म्हणाली.

राधाकिसन चहा न पिताच उठले. सोयरीक मोडली म्हणून भावकी कुजबुजली. प्रांजली ब्रश धुऊन पुढच्या कामाला लागली. घनसावंगीच्या दोन दुकानदारांनी चित्रं मागितली होती.

महिनाभरानं राधाकिसन एकटेच आले. "पोरगं दुसरी पोरगी बघायलाच तयार न्हाई. माझं बोलणं चुकलं."

प्रांजली शांतपणे म्हणाली, "काका, काम बंद होणार न्हाई. अन् चित्राखाली नाव माझंच राहील, लग्नाआधीचं."

म्हाताऱ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग मान डोलावली. "राहू दे. नावाला कशाला हात लावायचा?"

वैशाखात लग्न झालं. आता प्रांजलीनं जालन्यात कामासाठी खोली घेतलीय. अंगद रोज दुपारी डबा घेऊन येतो. जयवंताबाई बाजाराला आली की चाचांच्या दुकानात हमखास डोकावते अन् साड्या बघणाऱ्या बायांना सांगते, "ते चित्र माझ्या लेकीनं काढलंय."