सहाच्या गाडीने जाणारा डबा

पोरीच्या मागच्या वर्षीच्या वहीत पंधरा-वीस पानं कोरी उरली होती. त्यावर लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही.

बारावीनंतर पोरीला यवतमाळच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. आमचं गाव घाटंजीच्या रस्त्यावर, फाट्यापासून आत दोन किलोमीटर. फाट्यावर सहाची गाडी सापडली तर कॉलेजची घंटा सापडते, नाहीतर दिवस गेला. आमच्याकडे कोणाचं पोर कॉलेजात गेलं की पहिला प्रश्न तोच असतो, अपडाऊन करते की रूम केली? कोणता विषय घेतला हे नंतर कोणी विचारलं तर विचारतं.

आम्ही अपडाऊन म्हटलं. त्यात विचार करण्यासारखं काही वाटलं नाही. पोरगी सकाळी जाईल, संध्याकाळी घरी येईल, डोळ्यांसमोर राहील.

तेव्हापासून मी चारला उठायला लागले. चूल, भाकरी, भाजी, तिचं पाणी. सव्वापाचला ती बाबांच्या सायकलवर मागे बसायची. तिचे बाबा फाट्यावर पंक्चरच्या दुकानात काम करतात, तिला गाडीत बसवून ते तिथेच थांबायचे. मी घरचं आटोपून दहाच्या आधी शाळेत. गावच्या शाळेत मी मुलांची खिचडी शिजवते. मोठं पातेलं उतरवून, भांडी घासून घरी आलं की अंग खाली टाकावं वाटायचं, पण पाठ टेकली की पोरीच्या येण्याची वेळ व्हायची. ती यायची तेव्हा तोंडावर रस्त्याची धूळ असायची. जेवताना घास हातात धरून झोपायची. मी हात धरून हलवायची तर म्हणायची, "जागीच आहो ना." आणि डोळे मिटलेलेच.

दिवाळीनंतर कॉलेजातून पालकांना बोलावणं आलं.

"तूच जाय," तिचे बाबा म्हणाले. "मले त्या मॅडमपुढं बोलता येत नाई."

"अन् मले येते?"

"तू निदान उगी बसतं. मी काहीबाही बोलून जातो."

मी गेले. मॅडम चांगल्या होत्या, खुर्ची दिली. प्रॅक्टिकल दुपारी असतं, पाचपर्यंत चालतं, आणि तुमची मुलगी साडेचारची गाडी धरायला अर्ध्यातून उठून जाते, असं त्यांनी सांगितलं. हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसता येणार नाही. "ताई, जवळ राहायची काही सोय करा," असं दोनदा म्हणाल्या. मी दोनदा मान हलवली. कागदावर सही केली. परत येताना गाडीत पोरगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली, तोंड उघडं. खड्ड्यात गाडी आदळली तरी जागी झाली नाही. साडेचारनंतरची गाडी सातला, आणि ती फाट्यावर थांबेलच असं नाही. हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवसापर्यंत मी ते एकत्र करून पाहिलं नव्हतं.

घरी दोन-तीन दिवस त्याच गोष्टी चालल्या. तिचे बाबा म्हणाले, तू तिच्याजवळ जाऊन राहा, मी इथं कसंही करीन. पण शाळेतलं काम सुटलं तर दुसरी बाई टपलेलीच आहे. आणि खरं सांगायचं तर मला त्या गावाची भीती वाटते. रस्ता ओलांडताना मी कोणीतरी दुसरं निघेपर्यंत उभी राहते. नणंद आली होती, ती म्हणाली, "पोरगी एकटी ठेवता? अपडाऊनमंदी निदान संध्याकाळी तोंड तरी दिसते."

शेवटी मीच म्हटलं, "राहू द्या तिले तिकडं. वर्ष जाईन नाई तर."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. घरात काही ठरवायचं असलं की मी चहा ठेवायला उठते, अशी माझी सवय.

दोन मुलींसोबत तिने खोली घेतली. मी एकच अट घातली, डबा घरचा. त्या दोघी गॅसवर काही करून खातात, पण त्यात वेळ जातो, असं मी कारण सांगितलं. ते खरंच होतं. पण डबा रिकामा आला की पोरगी जेवली, बरी आहे, हे मला तिला न विचारता कळेल, असंही मनात होतं. ते मी कोणाला बोलले नाही.

खेड्यातून शिकायला गेलेल्या पोरांचे डबे आमच्याकडे एसटीने जातात. फाट्यावर कंडक्टरजवळ पिशवी द्यायची. यवतमाळच्या स्टँडवर एक चहाची टपरी आहे, तिथे तो सगळ्या पिशव्या उतरवतो. पोरं येऊन आपापली घेऊन जातात, दुपारी रिकामा डबा तिथेच आणून ठेवतात आणि तो संध्याकाळच्या गाडीने परत येतो. आमच्या गावचे डबे तर सगळे एकसारखे. बचत गटाला पाच वर्षं झाली तेव्हा बायकांना स्टीलचा एकेक डबा वाटला होता. पिशव्याही एकाच टेलरने खताच्या पोत्यांच्या शिवलेल्या. म्हणून पिशवीच्या कानाला जी ती आपली चिंधी बांधते. माझी लाल होती, जुन्या लुगड्याची. शिवाय झाकणाला एक पोचा होता. तिच्या बाबांनी पहिल्याच आठवड्यात सायकलवरून डबा पाडला होता, त्यामुळे तो पोचा त्यांच्या चांगला ओळखीचा, संध्याकाळी परत आलेल्या डब्यांतून ते त्यावरूनच आपला उचलायचे.

महिनाभर डबा चाटून पुसून यायचा. मी झाकण उघडून पाहायची आणि मग घासायला घ्यायची.

मग लाल चिंधी झिजून तुटली. हाताशी रेशन दुकानातून सणाला मिळालेली साडी होती, जांभळी. नेसायला ती कोणालाच आवडत नाही, सगळ्या बायका पुसायला, बांधायला वापरतात. तिचाच काठ फाडून बांधला आणि पोरीला फोनवर सांगितलं, आता जांभळी चिंधी पाहजो.

दोन दिवसांनी डबा अर्धा भरलेला परत आला. एक भाकरी तशीच, भाजीला नुसतं बोट लावल्यासारखं. दुसऱ्या दिवशी तेच. संध्याकाळी फोन केला.

"जेवली का वं?"

"हो, आई. संपला सगळा."

मी फोन ठेवला. पोरगी माझ्याशी खोटं बोलते हे ऐकून माझेच कान गरम झाले. तिसऱ्या दिवशी तिच्या आवडीची वांग्याची भाजी केली, तीही तशीच परत आली. रोज संध्याकाळी मी ते अन्न गाईला घालायची आणि तिचे बाबा विचारायचे, "खाल्लं का तिनं?" मी हो म्हणायची. आता घरात दोघी खोटं बोलत होतो.

आठ दिवस असे काढले. आजारी असेल, रडत असेल, कोणी त्रास देत असेल. खोलीत ठेवायचं मी म्हटलं होतं, दुसरं कोणी नाही. नवव्या दिवशी मी ठरवलं, तिला घरी घेऊन यायचं. वर्ष गेलं तर जाऊ दे. शाळेत जावेला पाठवलं, तिचे कपडे भरून आणायला एक रिकामी पोतडी घेतली आणि सहाच्या गाडीत बसले.

आणि काय केलं, तर रोजच्यासारखा डबा कंडक्टरजवळ दिला आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसले. गाडी बरीच पुढे गेल्यावर लक्षात आलं की मी पोरीकडेच चालले आहे, डबा मांडीवर घेता आला असता. उठून मागावा तर पूर्ण गाडी पुरुषांनी भरलेली. स्टँडवर त्याने पिशव्या टपरीवर नेऊन ठेवल्या, तिथेही घोळका होता. मी पदर नीट केला आणि तशीच खोलीकडे चालत गेले.

पोरगी कॉलेजला निघायच्या बेतात होती, मला पाहून घाबरली. "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सहज आली."

"तू अन् सहज?" ती हसली. गाल भरले होते तिचे. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. मी पोतडीची घडी करून मांडीखाली घेतली.

दुपारी वर्ग संपवून ती खोलीवर आली आणि तिची मैत्रीण टपरीवरून डबा घेऊन आली. पोरीने झाकण उघडलं आणि मी पाहतच राहिले. आत कोबी होता. पातळ पोळ्या होत्या. मी सकाळी मेथी केली होती आणि भाकरी. झाकण हातात घेऊन फिरवून पाहिलं, पोचा नाही.

"हा माहा डबा नाई," मी म्हटलं.

"असं कसं? जांभळी चिंधी तर आहे."

"किती दिवसाचं असं येऊन राह्यलं? पोळ्या अन् कोबी?"

पोरीने घास खाली ठेवला. "झाले आठ दिवस. तिखटच नसते. मले वाटलं, आई थकून गेली असन, भाकरी थापणं होत नसन. म्हून बोलली नाई. सगळा खात गेली."

मैत्रिणीला हसू आवरेना. मलाही थोडं आलं, पण लगेच गेलं. माझ्या पोरीने सगळं खाल्लं होतं. मग माझा डबा कोण टाकत होतं?

रिकामा डबा ठेवायला मी स्वतः टपरीवर गेले, पोरीला सोबत घेऊन. टपरीवाला म्हणाला, जांभळ्या चिंधीच्या दोन पिशव्या येतात, एक मुलगी सकाळीच येऊन वरची घेऊन जाते. वरची म्हणजे माझी, कारण सायकलने आमचाच डबा सगळ्यांत शेवटी फाट्यावर पोहोचतो. थोड्या वेळाने ती मुलगी आली. आमच्याच गावची, खालच्या आळीतली, बचत गटात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईची. दुसऱ्या कॉलेजात जाते, एका घरी वरच्या खोलीत एकटी राहते. लहानपणी गोलमटोल होती. आता ओढणी खांद्यावर ठरत नव्हती. पिशवी टपरीवर ठेवली तेव्हा आवाज भरल्या डब्याचा आला.

मी तिच्या खांद्याला हात लावला. "काहून जेवत नाई, माय?"

ती आधी म्हणाली जेवते. मग खाली पाहत म्हणाली, "एकटीले उतरत नाई, मावशी. गाडीचा आवाज आला की वाटते बसून जावं." आणि मग घाईने, "आईले नका सांगू. लय मुश्किलीनं पाठवलं तिनं."

मी काही कबूल केलं नाही. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. माझी पोरगी तिच्याशी बोलत उभी राहिली आणि मी पोतडी रिकामीच घेऊन परतीच्या गाडीत चढले. दोन्ही डबे यावेळी मांडीवर घेतले. एक हलका, एक जड.

फाट्यावर त्या मुलीची आई डब्यासाठी उभी होती. मला उतरताना पाहून म्हणाली, "अवो वयनी, तुमी पोरीकडं गेलत्या? आमची कशी आहे, दिसली का?" आणि माझ्या हातातून पिशवी घेऊन, झाकण काढून, "पाहा, सगळं खाते बाई माही. पयले घरी किती कटकट करे."

मला घरी जायचं होतं. दिवसभर उपाशी होते, पायांत गोळे आले होते. ती इतकी खूश होती की हो म्हणून निघून जाणं सोपं होतं. समोर दुकानातून माझ्या पोरीचे बाबा माझ्याकडे पाहत होते.

"तो माह्या पोरीनं खाल्ला," मी म्हटलं. "तुमची पोरगी हा देते परत. आठ दिवस झाले." आणि माझा डबा उघडून तिच्यापुढे धरला. मेथी, दोन भाकऱ्या.

तिला समजायला वेळ लागला. चिंध्या एकमेकींजवळ धरून पाहिल्या. मग ती थांब्याच्या ओट्यावर बसली आणि डबा माझ्या हातातून घेऊन मांडीवर ठेवला. रडली नाही. "आठ दिवस?" एवढंच विचारलं. मी शेजारी बसले. माझी पोरगी मला नीट दिसली होती, आणि तरी मी सगळा रस्ता तिच्या पोरीचाच विचार करत आले होते.

दुसऱ्या दिवशी ती सहाच्या गाडीने गेली आणि संध्याकाळी पोरीला घेऊन आली. तिच्या कॉलेजात प्रॅक्टिकल नाही, दुपारी सुटते. मुलगी आता अपडाऊन करते. गावात कोणी म्हणालं पोरगी हरली, कोणी म्हणालं आई हरली. नणंद मला म्हणाली, "पाह्यलं ना? मी म्हटलं होतं." मी म्हटलं, माझी तिकडेच राहील.

माझ्या पोरीची हजेरी भरली आणि ती परीक्षेला बसली.

आता डबा कंडक्टरजवळ द्यावा लागत नाही. ती मुलगी सकाळी आमच्या दारावरूनच घेऊन जाते आणि वर्ग सुटल्यावर गाडीची वेळ होईपर्यंत माझ्या पोरीच्या खोलीवर थांबते. मी एक भाकरी जास्त टाकते. चारला उठणं काही सुटलं नाही. कधी कधी भाकरी थापताना बसल्याबसल्या डोळा लागतो आणि हात तव्याला लागतो तेव्हा जाग येते.

डबा रोज रिकामा येतो. त्यातलं कोणी किती खाल्लं ते मात्र आता मला कळत नाही. झाकण उघडून पाहते आणि घासायला घेते.